कमी बजेटमधली ॲल्युमिनियमची मासेमारी बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वस्तातली ॲल्युमिनियम बोट घेण्यात अर्थ आहे का, की थोडं थांबून महागातली घ्यावी?

अर्थ आहे, पण पैसे नेमके कुठे वाचवलेत ते पाहून. बोट बनवणारा खर्च दोन ठिकाणी कमी करतो. एक म्हणजे नंतर कधीही बसवता येतील अशा वस्तू तो देत नाही: गादीच्या खुर्च्या, मासे दाखवणारं सोनार यंत्र, जिवंत मासे ठेवायची टाकी, रंगीत पट्टे. दुसरं म्हणजे जे नंतर बदलताच येत नाही त्यात तो हात आखडता घेतो: पत्र्याची जाडी, तळाची रुंदी, आतल्या बरगड्या, इंजिन टांगायची मागची फळी, बोट तरंगती ठेवणारा फोम. पहिल्या प्रकारची स्वस्त बोट खुशाल घ्या. दुसऱ्या प्रकारची फुकट मिळाली तरी दोनदा विचार करा.

अडचण अशी की विक्रीला मांडलेल्या बोटींत दुसऱ्या प्रकारचीच जास्त नटलेली असते. गालिचा, चमकता रंग, चार कपहोल्डर. म्हणून बोट बघायला जाल तेव्हा पहिली दहा मिनिटं आत पाऊल टाकू नका. बाहेरून आणि खालून बघा.

फायबरग्लास सोडून ॲल्युमिनियमच का?

वजन आणि रांगडेपणा, ही दोन कारणं. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट आहे, पोलादाची सुमारे ७.८५ पट. साधारण १४ फुटी उघडी बोट इंजिनाशिवाय ८० ते १३० किलोच्या आसपास भरते. लहान गाडीने ओढता येते, दोघांना किनाऱ्यावर सरकवता येते, आणि कमी ताकदीच्या इंजिनावरही ती चालते. खडकावर घासली तर पोचा येतो. फायबरला तिथे चीर जाते आणि चिरेतून पाणी आतल्या थरांत शिरतं.

तोटेही सांगायला हवेत. ॲल्युमिनियम बोट आवाज करते. वाऱ्यावर भरकटते, कारण पाण्यात तिचा भार कमी असतो. लाटांवर आपटते. थंडीत गार पडते आणि उन्हात तापते. एकाच जागी थांबून हलक्या आमिषाने मासे धरणाऱ्याला वारा सुटला की हा हलकेपणा नकोसा होतो. तेव्हा नांगर चांगला ठेवा.

५०५२, ५०८३, ६०६१ हे आकडे माहितीपत्रकात असतात. त्यांचं काय करायचं?

हे मिश्रधातूंचे क्रमांक. ५ ने सुरू होणाऱ्या गटात मुख्य भर मॅग्नेशियमची असते आणि पाण्यातल्या गंजाला हाच गट उत्तम तोंड देतो. ५०५२ मध्ये मॅग्नेशियम अडीच टक्क्यांच्या आसपास असतं. तो सहज वाकतो, म्हणून रिव्हेट (पत्रे जोडायची, ठोकून पक्की केलेली धातूची खिळी) मारलेल्या आणि साच्यात दाबलेल्या हलक्या बोटींत तोच जास्त दिसतो. ५०८३ आणि ५०८६ मध्ये मॅग्नेशियम चार टक्क्यांच्या आगेमागे असतं. ते जास्त मजबूत, वेल्डिंगला चांगले आणि खाऱ्या पाण्यासाठी पसंतीचे. ६०६१ मध्ये मॅग्नेशियमसोबत सिलिकॉन असतं. काठाच्या पट्ट्या, कणा (तळाच्या मधोमध जाणारी लांब पट्टी), नळ्या यांसाठी तो योग्य, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून संपूर्ण तळ ६०६१ चा आहे असं कोणी अभिमानाने सांगितलं तर जोड कुठे आणि कसे आहेत ते विचारा.

कमी बजेटमध्ये गोड्या पाण्यासाठी ५०५२ अगदी ठीक आहे. ‘सागरी दर्जाचं ॲल्युमिनियम’ एवढंच लिहिलं असेल आणि क्रमांक नसेल, तर तो विचारून घ्या. उत्तर देता येत नसेल तर तेही एक उत्तरच झालं.

पत्रा किती जाड हवा?

जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत, मिलिमीटरमध्ये किंवा गेजमध्ये सांगतात. गेजचा हिशेब उलटा असतो: आकडा लहान तितका पत्रा जाड. ॲल्युमिनियमच्या मोजणीत १६ गेज म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर, १४ गेज १.६, १२ गेज २.०, १० गेज २.६. ही मोजणी पोलादाच्या पत्र्याच्या गेजपेक्षा वेगळी आहे, दोन्ही तक्ते एकमेकांत मिसळू नका.

१.३ ते १.६ मिलिमीटरची बोट शांत तळ्यात, वल्ह्यांनी किंवा अगदी छोट्या इंजिनाने चालवण्यापुरती. दगडधोंड्यांच्या नदीत किंवा २० अश्वशक्तीच्या वर जायचं असेल तर तळाला निदान २ मिलिमीटर, जमलं तर अडीच. वेल्ड केलेल्या बोटीत २.५ ते ३.२ हा चांगला पल्ला.

अर्ध्या मिलिमीटरसाठी एवढी घासाघीस का? पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. २ मिलिमीटरच्या जागी २.५ घेतलात तर पत्र्याचं वजन २५ टक्के वाढतं, पण ताठपणा जवळपास दुप्पट होतो. ॲल्युमिनियमचा मूळ ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांशच असतो, त्यामुळे हा फरक पाण्यावर लगेच जाणवतो. पातळ तळ लाटेगणिक आत-बाहेर होतो, आणि असा रोज लवणारा पत्रा शेवटी रिव्हेटच्या भोकाशी किंवा वेल्डच्या कडेला तडकतो.

माहितीपत्रकातला आकडा तळाचा आहे की बाजूंचा, हे जरूर विचारा. दोन्हीकडे वेगळी जाडी असणं रास्तच आहे. एकाच ठिकाणचा जाड आकडा पुढे करून बाकीचं झाकणं रास्त नाही. आणि नुसत्या जाडीवरही जाऊ नका. जवळजवळ बरगड्या असलेला २ मिलिमीटरचा तळ लांब अंतरावर बरगड्या असलेल्या अडीचपेक्षा चांगला टिकू शकतो. तळावर हाताच्या मुठीने ठोका, दोन बरगड्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबा. पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्क करून आत गेला तर समजून जा.

रिव्हेटची बोट की वेल्डची?

या प्रश्नावर लोक तावातावाने भांडतात. खरं तर कमी बजेटमध्ये चांगली रिव्हेट बोट ही स्वस्त वेल्ड बोटीपेक्षा बहुतेक वेळा बरी. रिव्हेट मारताना उष्णता लागत नाही, पत्र्याची ताकद जशीच्या तशी राहते, आणि पातळ पत्रा वापरता येत असल्याने बोट हलकी राहते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी काही रिव्हेट सैल होतात आणि पाणी झिरपायला लागतं. दुरुस्ती मात्र सोपी: एकाने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी. आवळूनही भागलं नाही तर रिव्हेट काढून एक आकार मोठा मारायचा.

वेल्ड केलेल्या बोटीत झिरपायला जागाच नसते, तळ गुळगुळीत असतो आणि मार जास्त सोसतो. पण ही मजबुती कारागिराच्या हातावर असते. पातळ पत्र्यावर वेल्डिंग अवघड असतं, उष्णतेने जोडाशेजारचा पट्टा मऊ पडतो आणि पुढे नेमका तिथेच तडा जातो. ॲल्युमिनियम जोडणारा वेल्डर सगळीकडे सापडतही नाही. वेल्डची शिवण बघताना एकसारख्या, जवळजवळ पडलेल्या लहरी दिसायला हव्यात. काळे ठिपके, बारीक छिद्रं, मध्येच सुटलेला जोड, किंवा शिवण घासून त्यावर जाड रंग चढवलेला दिसला तर सोडून द्या.

रिव्हेटमध्येही दोन जाती आहेत. दोन्ही बाजूंनी ठोकलेला भरीव रिव्हेट हा खरा. एका बाजूने ओढून बसवायचा पोकळ पॉप रिव्हेट आतल्या फिटिंगला चालतो. पाण्याखालच्या सांध्यात तो दिसला तर बनवणाऱ्याने वेळ वाचवलाय किंवा आधीच्या मालकाने घाईची दुरुस्ती केलीय.

ट्रान्समबद्दल एवढं का बोलतात?

कारण स्वस्त बोटींचं मरण बहुधा तिथूनच येतं. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. इंजिन तिथेच टांगलेलं, ढकलण्याचा सगळा जोर तिच्यावर, आणि ट्रेलरवरून खड्ड्यातून जाताना बसणारे हिसकेही तिच्यावर. बहुतेक हलक्या बोटींत पत्र्याच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून किंवा निचऱ्याच्या नळीच्या कडेने पाणी शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरून पत्रा चकचकीत असतो.

तपासायचं असं. इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली जोर द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. फळी लवताना दिसली, काठाच्या पट्टीत फट उघडली, बोल्टभोवती पत्रा आत दबलेला असला, तर लाकूड गेलंय. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा. निरोगी लाकडाचा आवाज टणक असतो, कुजक्याचा बद्द. एखादा स्क्रू काढता आला तर काढा. त्याच्यासोबत काळपट भुसा किंवा पाणी आलं की पुढचं बोलणं किमतीचंच.

लाकूड बदलणं अवघड नाही, मेहनतीचं आहे. फक्त एक चूक टाळा: वाळवी-बुरशीपासून वाचवण्यासाठी तांब्याच्या रसायनात मुरवलेलं लाकूड तिथे घालू नका. ओल मिळाली की ते तांबं ॲल्युमिनियम खातं. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती लाकडातून आर्सेनिक असलेलं जुनं रसायन मागे घेतलं गेलं आणि त्याजागी तांबं आणखी जास्त असलेली रसायनं आली, त्यामुळे हा त्रास वाढला. साधं मरीन प्लायवुड घ्या, सगळ्या कडांना आणि भोकांना इपॉक्सी पाजा. लाकडाऐवजी ॲल्युमिनियमची चौकट किंवा कृत्रिम फळी घालून कारखान्यातूनच आलेली बोट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

बोटीत फोम असतो म्हणतात. तो दिसत नाही, मग त्याची काळजी कशाला?

दिसत नाही म्हणूनच. ॲल्युमिनियम पाण्यात बुडतं. १०० किलो ॲल्युमिनियम पाण्याखाली गेल्यावरही सुमारे ६३ किलो भार खाली ओढत राहतं, शिवाय इंजिन आणि बॅटरी. हा भार उचलून धरायला बैठकांखाली आणि तळफळीखाली फोम भरतात. साधारण २८ लिटर फोम २७ किलोच्या आसपास उचलतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांनुसार २० फुटांपेक्षा लहान, २ अश्वशक्तीच्या वर आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगायचं) इंजिन लावायच्या बहुतेक बोटी पाण्याने भरल्यावरही आडव्या, समपातळीत तरंगायला हव्यात, म्हणजे माणसांना धरून राहता येतं. कयाक, कनू, हवा भरून फुगवायच्या बोटी यांना तो नियम नाही.

फोम कालांतराने पाणी शोषतो. सतत ओला राहिला तर बोट कैक किलोंनी जड होते, तरंगण्याची राखीव ताकद जाते आणि पत्र्याला चिकटून बसलेली ओल पत्रा कुरतडते. जुनी बोट घेताना हे ओळखायचा साधा उपाय म्हणजे वजनकाटा. ट्रेलरसह वजन करा, ट्रेलर, इंजिन आणि इंधनाचं वजन वजा करा, आणि कारखान्याने दिलेल्या कोऱ्या बोटीच्या वजनाशी ताडून पहा. वीस-पंचवीस किलोंचा फरक सामानात जिरतो. त्यापेक्षा बराच जास्त असेल तर तळफळी उचलून दाखवायला सांगा.

काही जण हलकं करण्याच्या नादात फोम काढून तिथे सामानाची कपाटं करतात. अशी बोट बदल केलेली म्हणून नाही, अपुरी म्हणून मोजायची.

लांबीला महत्त्व द्यावं की रुंदीला?

कमी पैशात रुंदीला. माहितीपत्रकात लांबी ठळक असते, पण उभं राहून गळ टाकताना बोट कलते की नाही हे ठरवतो तळाचा आडवा पल्ला. सपाट तळाच्या बोटींच्या नावात चार आकडे असतात: १४३६ म्हणजे १४ फूट लांब आणि तळाशी ३६ इंच रुंद, १४४८ म्हणजे तीच लांबी, तळ ४८ इंच. दोन्हींच्या किमतीत फरक थोडा, वापरण्यात फार मोठा. ३६ इंची बोटीत दोन प्रौढांनी एकाच बाजूला मासा ओढायला वाकायचं ठरवलं तर तिसऱ्याने दुसऱ्या बाजूला बसलेलं बरं.

रुंदी वर काठाला मोजली आहे की तळाशी, हे नक्की पहा. काठ बाहेर झुकवून वरची रुंदी वाढवणं स्वस्त असतं.

सपाट तळ की व्ही आकाराचा?

पाणी उथळ आणि शांत असेल तर सपाट. हाताच्या वितीएवढ्या पाण्यातही जाते, स्थिर राहते, स्वस्त असते. लाटा असतील तर मात्र ती दातखिळी बसवते. मधला मार्ग म्हणजे पुढे तीव्र आणि मागे ८ ते १४ अंशांच्या उताराचा उथळ व्ही. मोठ्या जलाशयासाठी हा बहुतेकांना पुरतो. मागे १८-२० अंश ठेवलेला खोल व्ही लाट कापतो, पण त्याला जास्त ताकदीचं इंजिन लागतं, आणि जागेवर उभी असताना तो जास्त डुलतो. कमी बजेटमध्ये खोल व्ही शोधत बसलं की इंजिनावरचा खर्च बोटीच्या वर जातो.

क्षमतेच्या पाटीवर काय वाचायचं?

किती माणसं, एकूण किती वजन, जास्तीत जास्त किती अश्वशक्ती. अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना ही पाटी सक्तीची आहे. युरोपात २.५ ते २४ मीटरच्या बोटींवर सीई (युरोपीय नियमांत बसल्याची खूण) पाटी असते आणि तिच्यावर ए ते डी पैकी एक अक्षर. लहान ॲल्युमिनियम बोटी बहुधा सी किंवा डी मध्ये येतात: डी म्हणजे आडोशाचं पाणी, लाट साधारण ०.३ मीटर, अधूनमधून ०.५, सी म्हणजे २ मीटरपर्यंतची लाट आणि ब्यूफोर्ट मापनावर ६ पर्यंतचा वारा.

पाटी नसेल तर अमेरिकेचं तटरक्षक दल एक ढोबळ हिशेब सांगतं: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. १४ फूट लांब, ५ फूट रुंद बोटीला उत्तर ४.६७ येतं, म्हणजे चार माणसं. अपूर्णांक वर न्यायचा नाही. आणि तो शांत पाण्याचा आकडा आहे. सामान, बर्फाची पेटी आणि नांगर धरून मासे पकडायचे असतील तर मी त्यातून एक माणूस वजा करतो.

बोट, इंजिन आणि ट्रेलर एकत्र मिळणारं पॅकेज फायद्याचं असतं का?

ही पद्धत १९७८ मध्ये जॉनी मॉरिस यांच्या बास ट्रॅकर या बोटीने लोकप्रिय केली. तोपर्यंत गिऱ्हाईक तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या जमवायचा. पॅकेजचा फायदा खरा आहे: तिन्ही एकमेकांना जुळतात, बसवणावळ वाचते, सुरुवातीची किंमत उतरते.

मेख इंजिनात असते. जाहिरातीतली किंमत खाली ठेवायला पाटीवरच्या कमाल ताकदीच्या निम्म्याहूनही कमी ताकदीचं इंजिन जोडलेलं असतं. एकट्याला घेऊन बोट पळते. दोन माणसं, भरलेली टाकी आणि मासे चढले की तिचं पुढचं टोक वर येतं आणि ती पाणी नांगरत राहते, इंधन जास्त जातं. पाटीवरच्या कमाल ताकदीच्या ६० ते ८० टक्के इंजिन हा माझ्या मते कमी खर्चात सुखाचा पल्ला. छोटंच परवडत असेल तर बोटही छोटी घ्या. मोठ्या बोटीला छोटं इंजिन लावून नंतर बदलण्यात जास्त पैसे जातात.

चाचणी घ्यायची तर स्वतःच्या माणसांसकट आणि सामानासकट घ्या.

इंजिन वेगळं घेताना काय बघायचं?

दांड्याची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या भागाची लांबी. ट्रान्सम १५ इंच उंच असेल तर आखूड दांडा, २० इंच असेल तर लांब. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला यायला हवी. आखूड दांडा उंच ट्रान्समवर लावला तर पंखा हवा ओढतो, लांब दांडा ठेंगण्या ट्रान्समवर लावला तर खालचा भाग दगडांना लागतो. दुसरं, वजन. आजची फोर-स्ट्रोक इंजिनं त्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतात. तीस वर्षांपूर्वीच्या बोटीच्या पाटीवर २५ अश्वशक्ती लिहिलं असलं, तरी ते तेव्हाच्या हलक्या इंजिनाला धरून.

खाऱ्या पाण्यात चालेल का?

चालेल, पण काळजीचं प्रमाण कितीतरी वाढतं. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो, म्हणून गोड्या पाण्यात रंग न दिलेली बोटही दशकानुदशकं टिकते. खाऱ्या पाण्यात दुसरा धातू शेजारी आला की विद्युत्‌रासायनिक गंज सुरू होतो आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियमच. पितळी नळ, तांब्याची तार, स्टेनलेसचा स्क्रू हे सगळे आरोपी. स्टेनलेस टाळता येत नाही, मग प्रत्येक स्क्रूखाली प्लास्टिकची चकती आणि धातू अलग ठेवणारी पेस्ट लावा. तळात पडलेलं तांब्याचं नाणं किंवा शिशाचं वजन साचलेल्या पाण्यात काही महिन्यांत खड्डा पाडू शकतं. बोटीऐवजी स्वतः झिजावेत म्हणून बसवलेले धातूचे तुकडे समुद्रात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे हवेत, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. जस्तावर गोड्या पाण्यात थर धरतो आणि ते काम करणं थांबवतं.

शेवाळ-शिंपले रोखणारा तांब्याचा रंग ॲल्युमिनियमला कधीही लावू नये. आणि कायम समुद्रातच जायचं असेल तर रिव्हेटची पातळ बोट नको, ५०८३ किंवा ५०८६ ची वेल्ड बोट जुनी का होईना ती घ्या.

वायरिंग कसं तपासावं?

बॅटरीची ऋण तार बोटीच्या पत्र्याला जोडलेली नसावी. गाडीत तसं चालतं, इथे पत्र्यातून वीज वाहिली की तो झिजतो. प्रत्येक दिव्याला, पंपाला जायची आणि यायची वेगळी तार हवी. कल्हई केलेली तांब्याची तार असेल तर उत्तम. फ्यूज बॅटरीजवळच हवा. चिकटपट्टीने गुंडाळलेले सांधे दिसले की सगळं वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा. फार नसतो तो, पण धरा.

गालिचा चांगला की नुसता पत्रा?

नुसता पत्रा, किंवा खडबडीत रबरी थर. गालिच्यात गळ अडकतात आणि तो वाळत नाही.

ट्रेलरकडे किती लक्ष द्यावं?

बोटीइतकंच. बोट आयुष्याचा मोठा काळ पाण्यावर नाही, ट्रेलरवर काढते. आधाराच्या पट्ट्या ट्रान्समच्या बरोबर खालपर्यंत पोचल्या पाहिजेत. आधी संपल्या तर इंजिनाच्या भाराने तळ त्या जागी आत वाकतो. हे ओळखायला तळाच्या मागच्या दीड-दोन मीटरला लांब सरळ पट्टी लावा. मधे फट दिसली, म्हणजे तळ आत गेलेला असेल, तर बोट वेगात नाक खाली घालते. मधे फुगलेला असेल तर उड्या मारते. पट्ट्यांचं लाकूड तांब्याच्या रसायनातलं नसावं, आणि त्यावरचा गालिचा महिनोन्‌महिने ओला राहू देऊ नये. चाकं जमिनीवरून उचलून फिरवा, घरघर आली तर बेअरिंग बदलायची.

वापरलेल्या बोटीत पाणी येतं का, हे पाण्यात न उतरवता कळेल का?

कळेल, आणि ही चाचणी मला सगळ्यांत आवडते. बोट ट्रेलरवर समतल उभी करा, बूच लावा, आत हाताच्या एक-दोन आडव्या बोटांएवढं पाणी भरा आणि अर्धा तास खाली बसून बघा. जिथून थेंब येईल तिथे खडूने खूण करा. पाणी जास्त भरू नका: २०० लिटर म्हणजे २०० किलो, ट्रेलरचं आणि तळाचंही नुकसान होईल. विकणारा नाही म्हणाला तर निदान बूच काढून बोट पुढून उचला. तळफळीखालून आधीचंच पाणी बाहेर येतं का, एवढं तरी समजतं.

चार-पाच रिव्हेटमधून थेंब म्हणजे किमतीत सूट. कण्याच्या लांबीभर ओल म्हणजे मोठं काम. वेल्डच्या शेजारी, बरगडीच्या टोकाशी किंवा ट्रान्समच्या खालच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली आणि रंग तिच्या कडेने सुटलेला असला, तर तो तडा. तो वाढत जातो. तळाला आतून-बाहेरून जाड काळा डांबरासारखा थर चोपडलेला असेल तर तो कशासाठी लावला, हे विचारायची गरज नाही.

पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे शोधा, विशेषतः गालिचा, बॅटरी आणि ओल्या फोमखाली. सुईच्या टोकाएवढे उथळ खड्डे भरता येतात. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत जात असेल तर तिथे नवा तुकडाच लावावा लागेल.

पोचे आलेली बोट टाळावी का?

गोल, उथळ पोचे सोडून द्या. धारदार घडी पडलेला पोचा, किंवा सांध्यावरून गेलेला पोचा बघून घ्या. त्यात धातू ताणलेला असतो.

बोट किती जुनी आहे ते कसं कळेल? कागद हरवलेत म्हणे.

ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर कोरलेला क्रमांक पहा. अमेरिकेत १९७२ पासून प्रत्येक बोटीला १२ अक्षरं-अंकांचा असा क्रमांक असतो, आणि १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. क्रमांक घासलेला असेल तर कागद सापडेपर्यंत पैसे देऊ नका. बोट चोरीचीही असू शकते.

वॉरंटी वाचताना काय पकडायचं?

‘आयुष्यभराची’ हा शब्द कोणाच्या आयुष्याचा आणि कशाला लागू, ते. बरेचदा ती फक्त पहिल्या मालकाला आणि फक्त मुख्य सांध्यांना असते. ट्रान्समचं लाकूड, तळफळी, रंग वेगळ्या आणि छोट्या मुदतीत. खाऱ्या पाण्यातला गंज बहुधा वगळलेला. ठरलेल्यापेक्षा मोठं इंजिन लावलं की सगळंच संपतं.

दोन बोटींतून एक निवडायची आहे. मूल्य मोजायचं कसं?

किंमत भागिले लांबी असा हिशेब लोक करतात, तो सोडा. कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात न बदलता येणारं: तळाची जाडी, तळाची रुंदी, बरगड्यांमधलं अंतर, ट्रान्समची उंची आणि आतलं साहित्य, काठाची उंची, फोम. दुसऱ्यात बाकीचं सगळं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू स्वतः विकत आणून बसवायला किती लागतील तो आकडा. बोटीच्या किमतीतून दुसऱ्या रकान्याची बेरीज वजा करा. उरेल ती त्या पत्र्याच्या सांगाड्याची किंमत, आणि खरी तुलना त्या दोन आकड्यांची. जुन्या बोटीच्या बाबतीत उलट करा: लागणारी दुरुस्ती किमतीत मिळवा, इंजिन संशयास्पद असेल तर त्याचं मोल शून्य धरा. एवढं करूनही दोन्ही सारख्याच आल्या तर रुंद असेल ती घ्या.